राखून ठेवलेलं

"तुम्हाला गरज नाही असं दिसतंय, आजोबा," पेन्शनीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आणि इतक्या मायेनं म्हणाल्या की तात्यांना क्षणभर वाटलं, आपलं कौतुकच चाललंय. उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही कमावलं नव्हतं. कुणाच्या दारात जायची गरज नाही, कुणापुढे हात पसरायची गरज नाही. ते हसले, थोडे लाजलेही, आणि काचेखालच्या फटीतून पासबुक आत सरकवत म्हणाले, "ते खरं. पण आता काढायचेत. सगळेच." बाईंनी पासबुक उघडलंही नाही. एका बोटानं परत बाहेर ढकललं आणि समजावून सांगायला लागल्या. दिवस वाईट आलेत, वरून हुकूम आलाय, ज्यांनी तीन वर्षांत पेन्शनीला हातच लावला नाही त्यांना तिची गरज नाही असं धरून नावं कमी केलीत. साठलेलं होतं ते वर परत गेलं. घरी पत्र पाठवलं होतं की तसं. कुठल्या घरी, हे तात्यांनी विचारलं नाही. पासबुकावरचा पत्ता अजून शेतावरच्या घराचा होता आणि त्या जागेवर आता पत्र्याचं गोदाम उभं होतं. "पण मी ते राखून ठेवलं होतं," तात्या म्हणाले. "म्हणून तर गेलं, आजोबा. खाल्लं असतं तर राहिलं असतं." मागचा माणूस खाकरला. बाईंनी एक छापील फॉर्म बाहेर सरकवला आणि म्हणाल्या, "जरा बाकावर बसा. गर्दी ओसरली की सांगते काय करायचं ते."

बाकावर आधीच तिघं म्हातारे होते. त्यांनी सरकून जागा दिली. तात्या फॉर्म गुडघ्यावर ठेवून बसले आणि समोरच्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग बघत राहिले. आठ वर्षं. दर महिन्याला तिकडे काहीतरी पडत होतं, आणि ते पडतंय एवढंच त्यांना पुरत होतं. पासबुक त्यांनी फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं. ते फडकं कधी सोडलं नाही, पासबुक बँकेत नेऊन कधी भरून आणलं नाही. बियाण्याचं मडकं मधेच उघडून बघायचं नसतं. उघडलं की हवा लागते, हवा लागली की कीड पडते. हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. पीक उभं असतानाच रानातून फिरायचं, भरलेली, निरोगी कणसं हेरायची, ताटाला चिंधी बांधून ठेवायची, कापणी झाली की ती वेगळी काढायची, सावलीत वाळवायची, चाळलेल्या राखेत घोळवून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मग ते मडकं घरात नाहीच असं समजून राहायचं. एका वाईट सालात पोरगा भुकेनं रडत होता आणि मडकं हाताच्या अंतरावर होतं. बायकोनं मडक्याकडे एकदा पाहिलं. तात्यांनी मडकं उचलून माळ्यावर नेऊन ठेवलं. पुढच्या साली शेजारपाजारचे जे बी खाऊन बसले होते ते दुसऱ्यांच्या रानात मजुरीला गेले, आणि तात्यांनी पेरलं. जमीन काही त्यांची नव्हती, मालकाची वाट्यानं केलेली होती, पण बी आपलं होतं. ही गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल. सांगताना त्या रडण्याचा आवाज मात्र ते गाळत.

गावातल्या मास्तरांनी नवराबायको दोघांचे पेन्शनीचे अर्ज भरून दिले तेव्हा तात्यांना ते पटलंच नव्हतं. मास्तरांना पेन्शन, ते समजण्यासारखं होतं. त्यांनी नोकरी केली होती. आपण सरकारची कुठली चाकरी केली? न पेरता उगवलेलं घरात घ्यायचं कसं? घ्यायचंच असेल तर खायचं नाही, इतपत तडजोड त्यांनी स्वतःशी केली होती. बायकोचं अगदी उलटं. "मजुरी आहे ती आपली," ती म्हणायची. "उशिरा आलेली. चाळीस वर्षं वाकून वाकून कंबर गेली, तिचं कुणी दिलं का काही? आता देतायत तर घ्यावं आणि खावं." आणि ती खायची. मालकाच्या मुलांनी जमीन विकली, मुलानं दोघांना शहरात आणलं, तशी तर तिला मोकळं रानच मिळालं. तिच्या पेन्शनीचा महिना दहा तारखेला संपायचा. नातीला रंगपेटी, सुनेला चपला, स्वतःला काही नाही तर बसचं तिकीट. खिडकीची जागा पकडून ती शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि त्याच बसनं परत यायची. कुठं जाऊन आलीस विचारलं तर म्हणायची, "कुठंच नाही, बसून आले." तात्या म्हणायचे, "बी खातेस तू." त्यावर ती म्हणायची, "अहो, बी कसलं? आता पेरायला जाणार आहोत का आपण?"

मग तिचे दात गेले. दाढा आधीच गेल्या होत्या, पुढचे दातही दोन वर्षांत गेले. जिन्याखालच्या दातांच्या डॉक्टरनं तिला कवळीचा नमुना हातात घेऊन बघू दिला होता. घरी येऊन तिनं तात्यांना सांगितलं, दोन बोटांनी मोजमाप दाखवून, एखाद्या पोरीनं दुकानातली बाहुली सांगावी तसं. तिच्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. "तुमच्यातून थोडे काढू या का?" तात्या म्हणाले, "पुढच्या साली बघू." शेतात हे वाक्य फार उपयोगी पडायचं. पुढच्या साली खरंच काहीतरी वेगळं व्हायचं, निदान पाऊसपाणी तरी. शहरात एक साल दुसऱ्यासारखंच येत होतं. तिनं आणखी एकदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. हसताना तोंडावर तळवा धरायला लागली. जेवायला सगळ्यांच्या नंतर, भिंतीकडे तोंड करून बसायला लागली, कारण मऊ करून गिळताना आवाज यायचा. तात्यांना तो ऐकू यायचा. त्यांना वाटायचं, थोडी कळ काढली पाहिजे, कळ काढल्याशिवाय काही राहत नाही. ती गेली तेव्हा तोंड मिटत नव्हतं म्हणून सुनेनं हनुवटीखालून फडकं बांधलं. तिनं कधी त्यांना दोष दिला असता, भांडली असती, तर आज बाकावर बसून तात्यांना तिच्याशी भांडता आलं असतं. इतकं सगळं राखलं ते कुणासाठी, असं ती विचारत नव्हती. ते स्वतःच विचारत होते, आणि उत्तर द्यायला लाज वाटत होती.

उत्तर आज सकाळपर्यंत तरी होतं. मुलगा पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी कारखान्याच्या फाटकाला कुलूप दिसलं आणि संध्याकाळपर्यंत तिथं उभे राहून सगळे घरी आले. परवा जेवताना मुलानं खाली मान घालून सांगितलं की पोरीला आता कॉलेजातून काढावं लागेल. नात प्रयोगशाळेचं शिकत होती, शेवटचं वर्ष उरलं होतं. महिनाअखेर फी भरायची होती. ती म्हणाली, "चालेल, मी कुठंतरी दुकानात लागेन," आणि पाणी प्यायला उठून गेली ती परत आली नाही. तेव्हा तात्या म्हणाले, "कुणी काढायचं नाही तिला. माझं बियाणं आहे." घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. सुनेनं काही न विचारता त्यांच्या ताटात आणखी वाढलं. त्यांना ते नको होतं, पोट भरलं होतं, तरी ते सगळं जेवले. शहरात आल्यापासून ते एका कडेला बसून खाणारं तोंड होते, आणि वाईट सालात आधी तोंडं मोजतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. खालचा इस्त्रीवाला तर तोंडावर म्हणायचा, "म्हाताऱ्यांना घरबसल्या पेन्शन आणि तरण्यांनी बोंबलत फिरायचं, हा कुठला न्याय?" तात्यांना राग यायचा, पण अर्धं पटायचंही. फक्त ते मनात म्हणायचे, थांब, माझं मी खात नाहीये, वेळ आली की दाखवीन. वेळ आली होती, आणि ते फाटकी पिशवी घेऊन बाकावर बसले होते.

"आजोबा," बाईंनी हाक मारली. खिडकीशी आता कुणी नव्हतं. त्या पुढे वाकून हळू बोलल्या. नवा अर्ज करता येतो. महिनाअखेरच्या आत मंजूर झाला तर मागचं साठलेलंही परत मिळतं. मात्र आता पेन्शन निराधारांनाच. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "हे बघा, अर्जदारास सांभाळणारे कोणी आहे काय. इथं नाही लिहायचं. मुलगा असला तरी. मुलगा आहे पण बघत नाही, असं. चौकशीला साहेब घरी येतात, त्यांच्यासमोरही हेच सांगायचं." तात्या म्हणाले, "पण सांभाळतो की तो." बाई म्हणाल्या, "मग गरज नाही," आणि लगेच, स्वतःलाच टोचल्यासारखं, "सगळेच तसं लिहितात हो. माझ्या सासऱ्यांनीही लिहिलंय."

ते चालतच घरी निघाले. रस्त्यावरची निम्मी दुकानं बंद होती आणि बंद शटरांच्या पायऱ्यांवर कामाच्या वयाची माणसं बसली होती. सांभाळतो. म्हणजे काय करतो? दोन खोल्यांतली खिडकीची खोली त्यानं आईबापांना दिली आणि बायको-मुलीला घेऊन तो स्वयंपाकाच्या खोलीत झोपायला लागला. तात्यांना वाकता येत नाही म्हणून दर रविवारी त्यांच्या हातापायांची नखं कापतो. रानात राबलेल्या माणसाची नखं, शिंगासारखी, आधी कोमट पाण्यात भिजवून. कधी प्रेमाचा शब्द बोलत नाही. तात्याही कुठं बोलले होते? हे सगळं एका शब्दात खोडायचं आणि वर त्यावर सही करायची. त्यांनी ठरवलं, फॉर्म दाखवायचाच नाही. मग नात पाणी प्यायला उठून गेली ते डोळ्यांपुढे आलं. फॉर्म फाडावा म्हणून त्यांनी दोनदा खिशातून काढला आणि दोन्ही वेळा घडी नीट करून परत ठेवला.

मुलगा घरात होता. दुपारी दोन वाजता, बनियनवर, घरात. चार महिने झाले तरी तात्यांना दार उघडताना दचकायला व्हायचं, घरात कुणी परका बसलाय असं. त्याच्या पुढ्यात स्वयंपाकाचे डबे मांडले होते आणि तो त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. साखर. मीठ. कारखान्यात पाच हजार सुट्या भागांना त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. तसंच टपोरं, एका उंचीचं अक्षर. मीठ कशात आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण सुनेनं त्याला अडवलं नव्हतं. "मिळाले?" त्यानं विचारलं. "उद्या बोलावलंय," तात्या म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. मुलानं उठून तो कागद काढून घेतला. समोरचा कागद न वाचता सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. तात्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मडक्याचं, पत्राचं, गोदामाचं. मुलगा चिडेल असं त्यांना वाटलं होतं. तो नुसता एका ओळीवर थांबला होता.

"फाडून टाक," तात्या म्हणाले.

"कशाला?"

"असलं लिहून देण्यापेक्षा मी भीक मागीन."

"आणि तिची फी?" मुलगा म्हणाला. त्यानं डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "आणि तात्या, खोटं काय आहे त्यात? चार महिने झाले. कोण कुणाला सांभाळतंय इथं?"

तात्या पलंगावर बसले आणि मुलानं तिथल्या तिथं, गोंदाच्या बोटांनी, फॉर्म भरायला घेतला. त्या ओळीपाशी त्यानं 'नाही' लिहिलं. तेही टपोरं.

त्यानंतरचे सहा दिवस घरात शिकवणी चालली. मुलगा स्टुलावर बसायचा, वही मांडीवर घ्यायचा आणि साहेबासारखा घसा साफ करायचा. "आजोबा, कोण सांभाळतं तुम्हाला?" "मुलगा." "तात्या." "हां. चुकलं. पुन्हा विचार." पुन्हा तेच. नातीला पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या दिवशी नाही. सून म्हणाली, "मला हे ऐकवत नाही," आणि भाजीची पिशवी घेऊन भाजी नको असताना बाहेर गेली. तात्यांनाही ते जड जात होतं. शाळेत ते कधी गेले नव्हते आणि आता म्हातारपणी मुलापुढं पाठ म्हणून दाखवत होते. पण चौथ्या दिवशी जमायला लागलं. मुलगा आहे, पण बघत नाही. मुलगा आहे पण बघत नाही. भराभर म्हटलं की शब्दांचा अर्थ निघून जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मुलगा म्हणाला, "हां, असंच. अगदी असंच सांगा," आणि तात्यांना त्याच्या तोंडावर जरासं समाधान दिसलं. किती महिन्यांनी कुठलंतरी काम त्याच्या हातून नीट पार पडत होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी दोन खोल्यांमधलं दार लावून त्याच्यापुढे कपाट ओढलं. दोन्ही खोल्यांना बाहेरच्या बोळात उघडणारं आपापलं दार होतं, म्हणून बरं झालं. खिडकीच्या खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, एक ताट, एक तांब्या एवढंच ठेवलं. मजल्यावरचं कुणी तोंड उघडणार नव्हतं, कारण अर्ध्या घरांत हेच चाललं होतं. सून आणि नात बाहेर गेल्या. मुलानं घरात असायचं नाही असं ठरलं होतं. तो जिना उतरून गेल्याचं तात्यांनी ऐकलं. रिकाम्या खोलीत बसून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना भीती वाटली. नाटक म्हणून मांडलेली खोली खरी असती तर ती अशीच दिसली असती, तीत आणखी काही करावं लागलं नसतं.

साहेब तिशीतला होता, दमलेला. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं आणि एकुलत्या तांब्यातलं पाणी पिताना त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. नाव झालं, वय झालं, शेती किती होती ते झालं. जेवण कोण करतं? मीच. दुखलंखुपलं तर? निभावतो. सगळं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. मग त्यानं न बघता विचारलं, "मुलगाबिलगा?" तात्यांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि त्यांची नजर आपल्या मांडीवरच्या हातांवर गेली. काल रविवार होता. नखं स्वच्छ, गोल कापलेली होती. त्यांनी बोटं मुठीत घेतली. साहेबानं वर पाहिलं. "आजोबा, मुलगा आहे का नाही?" मुलगा आहे, इथवर तात्यांच्या तोंडून आलं आणि पुढचं येईना. सहा दिवस घोटलेलं वाक्य मधेच तुटलं. साहेबानं पेन वर उचललं.

"आहे. पण बघत नाही."

दारात मुलगा उभा होता. तो गेलाच नव्हता. जिन्यावरच्या वळणाशी उभा राहून ऐकत होता की काय कोण जाणे. बाहेरचा सदरा, पायांत चपला.

"आपण कोण?" साहेबानं विचारलं.

"शेजारी."

"येतो का तो कधी? मुलगा?"

"मी तरी पाहिला नाही."

"करतो काय?"

"काही करत नाही," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता, कारखान्यातला माल शिल्लक आहे की नाही ते सांगावं तसा.

साहेबानं मान हलवली आणि लिहून घेतलं. "काय एकेक औलाद असते," तो म्हणाला, आणि मुलगा म्हणाला, "हो ना." तात्यांना उठून काहीतरी बोलायचं होतं. ते उठलेही, पण साहेबाला वाटलं ते सही करायला उठलेत. त्यानं कागद पुढे केला, पेन दिलं, कुठं ते दाखवलं. तात्यांनी सही केली. "होऊन जाईल तुमचं काम, आजोबा. या आठवड्यातच करतो," साहेब म्हणाला, आणि जाताना दारात मुलाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "तुम्ही लक्ष ठेवा हो यांच्याकडे. शेवटी शेजाऱ्यांचाच आधार."

"ठेवतो," मुलगा म्हणाला.

बुटांचा आवाज तीन जिने खाली गेला, खालचं फाटक वाजलं. पोरीची फी भरली जाणार होती. तात्या पलंगाला धरून उभे होते आणि मुलगा उंबऱ्याच्या पलीकडे, चौकटीवर एक हात ठेवून.

"अरे, आत ये," तात्या म्हणाले.

"येतो," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.